एका नावाखालच्या अनेक माश्या



वांग्याचे पान उलटून पाहा, टोमॅटोचे पाहा, भेंडीचे पाहा. मागच्या बाजूला बसलेली जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, अंगाला पीठ लावल्यासारखी दिसणारी माशी सगळीकडे सारखीच असते. शेतकरी तिला पांढरी माशी म्हणतो, कीटकशास्त्रज्ञ बेमिसिया टॅबॅसी म्हणतात. पीकसंरक्षणाच्या पुस्तिकेत ती पिकापिकाच्या रकान्यात येते: वांग्यावरील पांढरी माशी, टोमॅटोवरील पांढरी माशी, भेंडीवरील पांढरी माशी, आणि प्रत्येकीपुढे औषधाचे नाव व मात्रा. आजच्या व्याख्यानाचा विषय या रकान्यांशी जोडलेला आहे. कीड ज्या पिकावर सापडली त्या पिकावरून तिची ओळख ठरवायची, ही आपली जुनी सवय आहे. भाजीपाल्यावरच्या पांढऱ्या माशीच्या बाबतीत ती आपली दिशाभूल करते, असे मला पुराव्यांनिशी मांडायचे आहे. पीक हा या माशीचा मुक्काम आहे. तिची ओळख तिच्या वंशात आहे. हे वंश अनेक आहेत, डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत, आणि कोणता विषाणू पसरेल, कोणते औषध लागू पडेल, कोणती माशी उरेल हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते.

आधी या कीटकाची राहणी थोडक्यात पाहू. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडेसे चालते, जागा निवडते, सोंड पानात खुपसते आणि मग कोषावस्था पूर्ण होईपर्यंत तिथून हलत नाही. म्हणजे पिल्लाच्या साऱ्या आयुष्याची जागा आईने पान निवडले तेव्हाच ठरलेली असते. उष्ण हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास तीनेक आठवड्यांत पुरा होतो, त्यामुळे टोमॅटोच्या एका हंगामात अनेक पिढ्या होतात. रस शोषल्याने झाड दुबळे होते, चिकट द्रवावर काळी बुरशी चढते. पण खरे नुकसान विषाणूंमुळे होते. रोगट झाडाचा रस काही मिनिटे शोषला की विषाणू माशीच्या आतड्यातून शरीरद्रवात आणि तिथून लाळेत पोचतो, आणि पुढे ती ज्या निरोगी झाडावर बसेल त्याला तो मिळतो. टोमॅटोची पाने आखडून झुडूप होणे म्हणजे पर्णगुच्छ, मिरचीचा बोकड्या किंवा कोकडा, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे, हे या वाहतुकीचे परिणाम. एकदा झाड विषाणूने ग्रासले की त्यावर औषध नाही. म्हणून सारा भर माशीवर येतो, आणि म्हणूनच ती माशी नेमकी कोणती हा प्रश्न कीटकशास्त्रज्ञांच्या कपाटापुरता राहत नाही.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाची पहिली नोंद मुंबई इलाख्यातली आहे. १९२४ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांनी ती पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी या रोगावर लिहिले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत कपूर व वर्मा यांच्या कामातून तो पांढरी माशी वाहून नेते हे पक्के झाले. विषाणू आणि त्याचा वाहक यांच्यातील नाते इतक्या बारकाईने पाहणारे काम त्या काळात जगात फारसे नव्हते, आणि त्याचा अभिमान आपल्याकडे जितका असायला हवा तितका नाही. पण त्या कामात एक गृहीतक होते आणि त्या काळी ते असणे स्वाभाविक होते: पांढरी माशी म्हणजे एक माशी. आज विचारायचा प्रश्न असा की ती माशी कोणत्या वंशाची होती. जतन केलेले नमुने नसतील तर याचे उत्तर आता कधीच मिळणार नाही.

हे गृहीतक कसे पक्के झाले याचा इतिहास बोधक आहे. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये गेनाडियस यांनी तंबाखूवरच्या पांढऱ्या माशीचे वर्णन केले. टॅबॅसी हे नाव तिथून आले. १९२९ मध्ये मिश्रा आणि लांबा यांनी भारतातल्या कपाशीवरच्या माशीला बेमिसिया गॉसिपिपर्डा असे वेगळे नाव दिले. जगभर असेच चालले होते. नवे पीक, नवा देश, की नवे नाव. कारणही दिसायला सबळ होते. या वर्गातल्या कीटकांची ओळख कोषाच्या आकारावरून आणि त्यावरच्या केसांवरून ठरवली जाई, आणि वेगवेगळ्या पिकांवरचे कोष खरोखरच वेगळे दिसत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील लुईस रसेल यांनी ही सारी नावे तपासून त्यांतली बहुतेक एकाच टॅबॅसी या नावाखाली आणली. मग १९६३ मध्ये लॉरेन्स माउंड यांनी दाखवून दिले की एकाच मादीची पिल्ले केसाळ पानावर वाढली तर त्यांच्या कोषावर लांब केस येतात, आणि गुळगुळीत पानावर वाढली तर येत नाहीत. आई एक, पाने दोन, आणि रूपे दोन. पीक कीटकाच्या अंगावर आपली खूण उमटवते, आणि पाहणारा त्या खुणेलाच कीटकाची जात समजून बसतो. पिकावरून कीड ओळखण्याच्या पद्धतीविरुद्ध मला ठाऊक असलेला हा सर्वांत साधा आणि सर्वांत जबर पुरावा आहे.

पण रसेल यांनी नावे एकत्र केल्याने दुसरी चूक जन्माला आली. दिसायला सारख्या म्हणून सगळ्या एकच, असे मानले जाऊ लागले. त्याच सुमारास पोर्तो रिको बेटावर हुलिओ बर्ड यांना दोन प्रकारच्या माश्या आढळल्या: एक जट्रोफाच्या एका प्रजातीवरच जगणारी, दुसरी बला वर्गातल्या तणांसह अनेक वनस्पतींवर जगणारी. दिसण्यात फरक नाही, वागण्यात मोठा. या निरीक्षणाकडे तीसेक वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडातल्या काचघरांमध्ये पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडावर एक अतिशय आक्रमक माशी उफाळली. तिची पिल्ले भोपळ्याच्या वेलावर बसली की पाने चंदेरी पडत. तिथल्या जुन्या माशीने असे कधी होत नसे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात तिने भाजीपाला आणि टरबुजाच्या पिकाची धूळधाण केली. १९९३ मध्ये पेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकराचे प्रयोग आणि जनुकीय तपासणी करून ही वेगळी प्रजाती असल्याचे मांडले. पुष्कळ वाद झाला. आज तो वाद बहुतांशी संपला आहे, आणि या माशीला आता मध्यपूर्व–आशिया मायनर-१ या गटाचे नाव आहे. सोयीसाठी तिला ‘परकी माशी’ म्हणू.

वाद संपायला मदत केली ती मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीतील तंतुकणिकेतल्या, एका जनुकाने. या जनुकातील सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा हजारो माश्यांमध्ये वाचला गेला. २०१० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातले पॉल डी बारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की हे क्रम सरसकट विखुरलेले नाहीत. ते घोळक्यांत येतात, आणि घोळक्या-घोळक्यांत किमान साडेतीन टक्क्यांचे अंतर असते, म्हणजे त्या तुकड्यात साधारण बावीस-तेवीस अक्षरांचा फरक. त्या हिशेबाने तेव्हा २४ प्रजाती मोजल्या गेल्या. आता ही संख्या चाळिसाच्या पुढे गेली आहे. इथे एक रास्त आक्षेप येतो. एकाच जनुकावरून प्रजाती ठरवायची, तेही केवळ आईकडून येणाऱ्या जनुकावरून, हे कितपत धरायचे? साडेतीन टक्के ही रेषा निसर्गाने आखली की संशोधकांनी? माझे उत्तर असे की रेषा संशोधकांचीच आहे आणि तिच्या आसपासच्या प्रकरणांत चुका होतील. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाच्या निकामी प्रती केंद्रकात जाऊन बसतात आणि त्यांच्यामुळे खोटे गटही मोजले गेले आहेत. पण ज्या गटांविषयी मी बोलतो आहे त्यांच्यातले अंतर या रेषेपेक्षा पुष्कळ मोठे आहे, आणि त्यांच्यात संकर होत नाही किंवा झाला तर संतती टिकत नाही, हे वेगळ्या प्रयोगांनी दिसले आहे. पिंजऱ्यातला प्रयोग आणि जनुकाचा क्रम एकच गोष्ट सांगत असताना केवळ रेषा मानवी आहे म्हणून ती अमान्य करता येणार नाही.

भारतात हे चित्र फार समृद्ध आहे, आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे: या कीटकाच्या अनेक आशियाई शाखा याच भूभागातल्या आहेत. आशिया-१, आशिया-२ चे अनेक उपगट (१, ५, ७, ८ आणि आणखी काही), चीन-३, आणि वर परकी माशी, इतके वंश आपल्या शेतांत नोंदले गेले आहेत. ढोबळ मानाने उत्तरेकडे, विशेषतः पंजाब-हरियाणाच्या कपाशीच्या पट्ट्यात, आशिया-२-१ चे वर्चस्व आहे. मध्य आणि दक्षिण भारतात आशिया-१ अधिक आढळते. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हे गट पिकांनुसार वाटले गेलेले नाहीत. आशिया-१ ची माशी वांग्यावर सापडते, टोमॅटोवर सापडते, भेंडीवर आणि कपाशीवरही. उलट एकाच परिसरात, एकाच पिकावर, दोन वेगळ्या वंशांच्या माश्या शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात. भाजीपाल्याच्या पिकांवरच्या माशीच्या जनुकीय वैविध्याचा अभ्यास करायला निघालेल्याची पहिली अपेक्षा साहजिकच अशी असते की प्रत्येक भाजीची आपली माशी असेल. नमुने तपासल्यावर बहुधा असे निघते की प्रदेश, वाऱ्याच्या दिशा, रोपांची वाहतूक आणि फवारणीचा इतिहास यांचा ठसा पिकापेक्षा अधिक गडद आहे.

मग वंश वेगळा असल्याने शेतात काय बिघडते? सगळ्यांत ठळक उत्तर विषाणूचे आहे. विषाणूला माशीच्या आतड्याची भिंत ओलांडावी लागते, आणि ती ओलांडायला त्याच्या कवचातील प्रथिनाची आणि माशीच्या पेशींची जुळणी लागते. कुलपाला किल्ली लागावी तशी. चीनमधल्या हांगझोऊच्या झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की कपाशीच्या पानांना मुरड पाडणारा मुलतान विषाणू आशिया-२-१ च्या माशीच्या आतड्यातून सहज पार होतो, परक्या माशीच्या आतड्यात मात्र तो बहुतांशी अडतो. एकच विषाणू, त्याच शेतातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या माश्या, आणि एक रोग पसरवते तर दुसरी जवळजवळ पसरवत नाही. हाच विषय आपल्या अगदी शेजारी, कर्नाटकातल्या कोलारमध्ये, उलट्या दिशेने घडला. १९९९ मध्ये तिथे टोमॅटोवर परकी माशी भारतात प्रथमच सापडली, आणि तिच्या पाठोपाठ पर्णगुच्छाची मोठी साथ आली. त्याआधीही तिथे पांढरी माशी होती, पर्णगुच्छही होता. माश्यांच्या नावात काहीच बदल झाला नव्हता. बदल झाला होता त्या नावाखाली वावरणाऱ्या वंशात. पुढे ती माशी इतर राज्यांतही नोंदली गेली. विषाणूंचीही तीच कथा: टोमॅटोच्या एका विषाणूच्या नावात पुणे आहे, एकाच्या बंगळूर, एकाच्या नवी दिल्ली, आणि हा दिल्लीच्या नावाचा विषाणू २०१२ मध्ये स्पेनमध्ये झुकिनीवर सापडला, तिथल्या भूमध्यसागरी वंशाच्या माशीने तो उचलला होता. विषाणू आणि माशीचे वंश यांच्या नव्या जोड्या जमत राहतात, आणि प्रत्येक नव्या जोडीबरोबर रोगाचे स्वरूप बदलते.

दुसरे उत्तर औषधांचे आहे. इस्रायलमध्ये परकी माशी आणि भूमध्यसागरी माशी या दोन वंशांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. तिथे दिसून आले की फवारणी जोरात चालू असते तेव्हा भूमध्यसागरी माशी वरचढ ठरते, कारण तिच्यात पायरिप्रॉक्सिफेन आणि निओनिकोटिनॉइड गटातली औषधे पचवण्याची ताकद अधिक. फवारणी थांबली की परकी माशी तिला मागे रेटते. म्हणजे फवारणी करणारा माश्यांची संख्या कमी करतोच असे नाही, पण कोणता वंश उरणार हे मात्र तो नक्की ठरवतो. भारतात दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आशिया-१, आशिया-२-१ आणि आशिया-२-७ या गटांची औषधांना तोंड देण्याची क्षमता मोजली, तेव्हा ती गटागटांत वेगळी निघाली. यात या कीटकाच्या जननपद्धतीची भर पडते. फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, आणि नराकडे जनुकांचा एकच संच असतो. मादीत प्रतिकाराचे नवे जनुक दुसऱ्या प्रतीच्या आड दबून राहू शकते. नरात आड काहीच नसते. औषध पडताच प्रतिकार नसलेला नर मरतो, असलेला वाचतो, आणि ते जनुक पिढ्यांच्या हिशेबाने वेगाने पसरते. भाजीपाल्याच्या पट्ट्यात काही हंगामांतच एखादे औषध ‘काम करेनासे’ होते त्यामागे नेहमी भेसळ असते असे नाही. पुष्कळदा हे अंकगणित असते.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप घेतो. पीक ही ओळख नाही असे म्हणताना पिकाचा प्रभाव मी नाकारतो आहे काय? आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बुर्बां आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कसाव्यावरची माशी कसावा आणि वांगे यांवरच वाढते, तर भेंडीवरची माशी अनेक पिकांवर वाढते पण कसाव्यावर नाही. हा पिकाशी बांधलेला वंशभेद आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. तरी त्यातही पाहण्यासारखे आहे की वांगे दोन्ही माश्यांना चालले. वांगे ही पांढऱ्या माशीची आवडती जागा आहे. प्रयोगशाळांतही माश्या पाळायला अनेकदा वांग्याचीच रोपे वापरतात. टोमॅटोच्या पानावर ग्रंथियुक्त केस आणि त्यांतले चिकट, नावडते द्रव असतात; वांग्यावर तशी अडचण कमी. म्हणून वांगे हा वेगवेगळ्या वंशांच्या गाठीभेटींचा चौक ठरतो. हा कीटक एवढ्या वनस्पती कशामुळे खाऊ शकतो, याचे एक उत्तर २०२१ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दिले. वनस्पती आपल्या बचावासाठी जी फिनॉलिक विषे बनवतात ती निष्प्रभ करणारे एक जनुक या माशीत आहे, आणि ते मुळात वनस्पतीचेच आहे. दूरच्या भूतकाळात कधीतरी ते झाडाकडून कीटकात आले. या जनुकाचे काम बंद पाडणारे टोमॅटो प्रयोगशाळेत तयार केले तेव्हा त्यांच्यावर बसलेल्या माश्या जवळपास साऱ्या मेल्या. सहाशेहून अधिक वनस्पतींवर जगण्याचे बळ असे माशीच्या अंगात वंशपरंपरेने आलेले आहे. पीक त्या बळाची परीक्षा घेते, कुठे थोडे अधिक, कुठे थोडे कमी.

आपल्या भाजीपाल्याच्या शेतांची रचना या संदर्भात पाहिली पाहिजे. जुन्नर-नारायणगाव, संगमनेर, दिंडोरी-पिंपळगाव या पट्ट्यांत पाच-दहा गुंठ्यांचे, एकरभराचे तुकडे असतात. एका बांधाच्या अलीकडे तोडे संपत आलेली भेंडी, पलीकडे नुकतीच लावलेली टोमॅटोची रोपे, शेजारी बाराही महिने उभे असलेले वांगे. मालक वेगळे, फवारणीच्या तारखा वेगळ्या, औषधे वेगळी. माशी मात्र बांध मानत नाही. टोमॅटोवाल्याने औषध मारले की वांग्यावरची पिढी तिकडे सरकते, आणि तिच्याबरोबर तिच्या वंशाचे सारे गुण सरकतात. पुस्तिकेतले रकाने इथे कोसळतात, कारण वांग्याची शिफारस आणि टोमॅटोची शिफारस एकाच लोकसंख्येवर दोन बाजूंनी काम करत असते, कधी एकमेकींच्या विरुद्ध. याच रचनेची दुसरी बाजूही आहे, आणि ती आशादायक आहे. जिथे काही तुकडे फवारणीविना राहतात तिथे औषधाला बळी पडणाऱ्या माश्याही टिकतात आणि प्रतिकाराचा वेग मंदावतो. फवारणी सगळीकडे एकाच औषधाची झाली तर हा ब्रेक नाहीसा होतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जनुकीय वैविध्य अधिक म्हणजे कीड अधिक धोकादायक, आणि वैविध्य कमी म्हणजे निश्चिंत, असे पुष्कळदा समजले जाते. परक्या माशीचे वैविध्य नव्या देशांत अगदी तोकडे असते, कारण ती थोड्याच पूर्वजांपासून पसरली. तरी तिने खंड पादाक्रांत केले. २००७ मध्ये लिउ शुशेंग, डी बारो आणि सहकाऱ्यांनी याचा एक भाग उलगडला. परकी मादी स्थानिक नरांच्या गर्दीत असली की आपल्याच वंशाच्या नराशी अधिक वेळा मीलन करते, आणि फलित अंडी वाढल्याने तिच्या मुली वाढतात; उलट परके नर स्थानिक माद्यांच्या मागे लागून त्यांच्या मीलनात अडथळा आणतात, आणि स्थानिक वंशात मुली घटतात. अॅरिझोनात तर माशीच्या पोटातल्या रिकेट्सिया या जिवाणूने चित्र पालटले: सहा वर्षांत तो १ टक्का माश्यांवरून ९७ टक्के माश्यांत पसरला, कारण तो असलेल्या माश्यांना संतती अधिक आणि त्यात माद्या अधिक. माशीच्या जनुकांची मोजणी करून एवढे कळत नाही. तिच्या आतले जिवाणूही पाहावे लागतात. वैविध्याचा आकडा हे निदान नसते. कोणता वंश, कुठून आलेला, कोणत्या जिवाणूसह, हे निदान असते.

व्यवहारातला आक्षेप उरतो. शेतकऱ्याने काय डीएनए वाचत बसायचे? त्यापेक्षा रोगप्रतिकारक वाण द्या. वाणांचे महत्त्व मी जाणतो. भेंडीची पुसा सावनी बळी पडू लागली तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या एका प्रजातीशी संकर करून परभणी क्रांती दिली, आणि तिने अनेक वर्षे शेतकऱ्यांना तारले. बंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो पर्णगुच्छासह तीन रोगांना तोंड देतो. पण परभणी क्रांतीवरही पुढे शिरा पिवळ्या दिसू लागल्या. वाण विषाणूशी लढतो. माशीचा वंश बदलला, नवा विषाणू आला, की त्याच्या लढाईचे मैदानच बदलते. वाण टिकवायचा असेल तर माशीवर नजर ठेवावी लागते. ती नजर ठेवायला शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही. भोपळ्याच्या किंवा झुकिनीच्या वेलाची नवी पाने शिरांपासून सुरू होऊन सरसकट चंदेरी पडू लागली तर परक्या माशीची शंका घ्यावी, एवढे डोळ्यांनी कळते. काही वाणांच्या पानांवर मुळातच पांढरट ठिपके असतात, त्यांच्याशी गल्लत मात्र होऊ देऊ नये. बाकीचे काम संस्थांचे आहे. पानामागच्या दहा-वीस माश्या अल्कोहोलच्या कुपीत टाकल्या तर त्यांचा डीएनए महिनोन्‌महिने टिकतो, आणि वंश ओळखण्याची चाचणी आता नवलाची राहिलेली नाही. खर्चाचे कारणही पुढे करता येणार नाही. एका फसलेल्या फवारणीत शेतकऱ्यांचे मिळून जेवढे पैसे जातात, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

रोपांच्या वाहतुकीकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. परकी माशी जगभर पसरली ती शोभेच्या रोपांच्या व्यापारातून. भूमध्यसागरी माशी अमेरिकेत प्रथम सापडली तीही २००४ च्या डिसेंबरात, अॅरिझोनातल्या एका रोपविक्रीच्या दुकानात, पॉइन्सेटियावर. आपल्याकडे ट्रेमधली टोमॅटो-मिरचीची रोपे शेकडो किलोमीटर जातात, आणि पानाच्या मागे चिकटलेले पिल्लू ट्रकबरोबर जिल्हे ओलांडते. एखाद्या भागातला वंश बदलायला एवढे पुरते.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांनी टोमॅटो, वांगी, भेंडी आणि मिरचीच्या मोठ्या पट्ट्यांतून दर हंगामाच्या सुरुवातीला माश्यांचे नमुने घ्यावेत, त्यांचा वंश आणि औषधांना तोंड देण्याची क्षमता तपासावी, ते निकाल तालुकावार मराठीत जाहीर करावेत, आणि शिफारशी पिकाच्या रकान्याऐवजी परिसराच्या नकाशावर लिहाव्यात. त्यातल्या काही कुप्या कायमच्या जपून ठेवाव्यात, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला भेंडीवरच्या त्या जुन्या माशीसारखा अनुत्तरित प्रश्न पडणार नाही. आणि भाजीपाला पिकवणाऱ्या मंडळींनी नवी रोपे लावण्याआधी शेजारची संपत आलेली भेंडी आणि जुने वांगे, मग ते दुसऱ्याचे का असेना, बोलून-समजावून एकाच आठवड्यात काढून टाकावे, बारीक कीटकरोधक जाळीत वाढवलेली रोपेच घ्यावीत, आणि ट्रे उतरवून घेण्याआधी चार पाने उलटून पाहावीत.